तीनशेव्या चालीला टिकेल तोच घ्या

‘टोटल वॉर: मेडिव्हल ३’ डिसेंबर २०२५मध्ये जाहीर झाला. इंग्लंडातल्या हॉर्शमच्या क्रिएटिव्ह असेम्ब्लीने घोषणा करतानाच सांगून टाकलं की काम अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर आहे. घोषणेत विक्रीची तारीख नव्हती, किंमत नव्हती, कोणत्या यंत्रावर चालेल त्याची यादी नव्हती. तरी पोरांचा प्रश्न तयार आहे: मेडिव्हल ३साठी कोणता लॅपटॉप घेऊ?

उत्तर एका ओळीत देतो. त्या गेमसाठी आज कोणताही नको.

‘मेडिव्हल २’ आला २००६मध्ये. पुढच्या भागाच्या घोषणेसाठी जो एकोणीस वर्षं थांबला, त्याला यादी येईपर्यंत थांबणं जड जाऊ नये. जो गेम अजून बनलाच नाही त्याच्या नावावर कोणी लाखभर रुपये काढायला सांगत असेल, तर तो दुकानदार असो, व्हिडिओवाला असो की सख्खा मित्र, त्याचं ऐकू नका.

बरं, यादी आली म्हणजे सगळं ठरलं असंही नाही. २०२३मधला ‘सिटीज: स्कायलाइन्स २’ आठवा. शहर वसवायचा, चालवायचा गेम. फिनलंडमधल्या कलोसल ऑर्डरने बनवला, पॅराडॉक्सने बाजारात आणला. विक्रीची तारीख २४ ऑक्टोबर. आधीच्या यादीत शिफारस होती आरटीएक्स २०८० टीआय या ग्राफिक्स कार्डाची. तारखेला महिनाभर उरला असताना तिथे आरटीएक्स ३०८० आलं, आणि किमान गरज जीटीएक्स ७८०वरून ९७०वर चढली. विक्रीच्या तोंडावर कंपनीने निवेदनच काढलं की वेगाचं आम्ही ठरवलेलं लक्ष्य गाठता आलेलं नाही. गेम आला तेव्हा भारी कार्डांनाही घाम फुटला. लोकांनी आत डोकावून पाहिलं, तर रस्त्यावरून चालणाऱ्या माणसांचे दातसुद्धा पूर्ण बारकाव्यानिशी रेखाटलेले होते, आणि माणूस लांब गेला तरी तो तपशील कमी होत नव्हता.

आता ज्याने पहिल्या यादीवर विसंबून आधीच लॅपटॉप घेतला, त्याचं काय? यादी बदलली म्हणून दुकानदार पैसे परत देत नाही.

निवेदन काढलं, लपवलं नाही, हे कंपनीचं चांगलंच. पण तोवर पैसे ज्यांचे जायचे त्यांचे गेलेले असतात, आणि आपल्याकडे ते पैसे बहुतेक वेळा खेळणाऱ्याचे नसतात. लॅपटॉप खरेदीचा हंगाम इथे जून ते ऑगस्ट. बारावीचा निकाल, सीईटी, कॅप राउंडच्या याद्या, मग ‘इंजिनिअरिंगला लॅपटॉप लागतो’ म्हणून आईबाबांबरोबर दुकानात. एक लाखाच्या यंत्रात १८ टक्के जीएसटीचे सव्वापंधरा हजार धरलेले असतात. अनेक घरांत दुचाकीनंतरची सर्वांत मोठी खरेदी हीच असते आणि ती चार वर्षं पुरायची असते. म्हणून मी या विषयावर चिडून लिहितो आहे. गेम हा फुटकळ विषय असेल, हा पैसा नाही.

आणि गेमही फुटकळ नाही. २००९चा ‘एम्पायर: टोटल वॉर’ घ्या. त्यात मराठा राज्य घेऊन खेळता येतं आणि मोहीम सुरू होते १७०० साली. त्याच वर्षी सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं आणि ताराराणींनी कारभार हाती घेतला. नोव्हेंबर २०२५मध्ये आलेला ‘युरोपा युनिव्हर्सालिस ५’ सुरू होतो १ एप्रिल १३३७ला. तेव्हा देवगिरीचं यादवांचं राज्य संपून वीस वर्षं झाली आहेत आणि बहमनी सत्ता उभी राहायला दहा वर्षं आहेत. नकाशासमोर बसून दख्खनचं पुढे काय झालं असतं याचा विचार करणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराला ‘वेळ वाया घालवतोस’ म्हणणं मला मान्य नाही.

म्हणून पोरांना आधी हे सांगतो. घरी खोटं बोलू नका. ‘कोडिंगसाठी हवा’ म्हणायचं आणि गेमचं नाव गिळायचं, हा प्रकार बंद करा. सरळ म्हणा, ‘बाबा, अभ्यासाला लागणारच आहे, पण मला हा गेमही खेळायचाय.’ लपवण्याचं कारणच नाही, कारण स्ट्रॅटेजी गेमला यंत्रात जे लागतं त्यातलं बहुतेक इंजिनिअरिंगलाही लागतं. दमदार प्रोसेसर, पुरेशी रॅम, तासन् तास काम करूनही न तापणारी बॉडी. मोठा प्रोग्रॅम कंपाइल करायला हेच लागतं, यंत्राचं डिझाइन काढायलाही हेच. गेमचं नाव लपवलं की दुकानात प्रश्न नीट विचारता येत नाही, आणि मग बाबा ‘कोडिंगसाठी’ म्हणून पातळ, सुंदर, दोन पानांच्या वहीएवढं यंत्र घेऊन मोकळे होतात.

आता मुद्द्याचं. स्ट्रॅटेजी गेम यंत्राकडून काय मागतो, हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही.

गोळीबाराच्या गेममध्ये मोठं काम चित्र काढण्याचं. सेकंदाला साठ, शंभर चित्रं. ते ग्राफिक्स कार्ड करतं. स्ट्रॅटेजी गेममध्ये चित्राच्या मागे हिशोब चालू असतो. नकाशावरच्या शेकडो राज्यांनी आज काय करायचं, कोणी कोणाशी तह मोडायचा, कोणत्या प्रांतात धान्य कमी पडलं, तिथली माणसं कुठे निघाली. हे सगळं प्रोसेसर करतो. आणि हा हिशोब प्रोसेसरच्या कोरांमध्ये, म्हणजे त्याच्या आत काम करणाऱ्या भागांमध्ये, हवा तसा वाटून देता येत नाही. एका राज्याने युद्ध पुकारलं की शेजाऱ्याचा बेत बदलतो, त्याचा बदलला की तिसऱ्याचा. सरकारी कचेरीतल्या फाइलीचं असंच असतं: पहिल्या टेबलावर सही झाल्याशिवाय ती दुसऱ्या टेबलावर जात नाही, मग खोलीत टेबलं कितीही मांडा.

याचा नियम जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७मध्ये मांडून ठेवला आहे. कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी वेग अडवतो. निम्मं काम वाटता येत नसेल, तर हजार कोर लावले तरी वेग दुपटीच्या वर जात नाही. म्हणजे ‘दादा, चौदा कोर आहेत’ हे ऐकून मान डोलवायची नाही. एक कोर किती वेगाने धावतो आणि तो वेग किती वेळ टिकतो, हे विचारायचं.

आणि खरी परीक्षा शेवटाकडे असते. ‘सिव्हिलायझेशन ६’ची साधी मोहीम पाचशे चालींची. पहिल्या पन्नास चाली साध्यासुध्या लॅपटॉपवरही भराभर होतात, कारण नकाशावर चार शहरं आणि दहा सैनिक असतात. तीनशेव्या चालीला सगळा नकाशा भरलेला असतो. तुम्ही चाल संपवता आणि बाकीच्यांच्या चाली होईपर्यंत बसून राहता. ‘स्टेलॅरिस’ २०१६मध्ये आला. त्यात ग्रहांवरची लोकसंख्या वाढत जाते तसा गेम मंदावत जातो, ही तक्रार वर्षानुवर्षं होती. शेवटी २०२५मध्ये निर्मात्यांनी लोकसंख्येची सगळी मांडणीच नव्याने केली. दुकानात पाच मिनिटं सुरू करून दाखवलेल्या गेमवरून यातलं काहीही कळत नाही. यूट्यूबवरच्या पहिल्या दहा मिनिटांवरूनही नाही.

मग दुकानात जाऊ. लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातलं मोठं शोरूम असो की तालुक्याच्या ठिकाणचं दुकान, वाक्य तेच असतं: ‘काका, आय सेव्हन आहे, सोळा जीबी आहे, काहीही चालेल.’

आय सेव्हन, पण कोणता? त्याच्या शेवटी यू आहे का एच, हे बघा. आय सेव्हन १३५५यू हा दहा कोरचा प्रोसेसर आहे, पण त्यातले पूर्ण ताकदीचे कोर दोन आणि उरलेले आठ छोटे. मूळ क्षमता १५ वॉटची. तो बॅटरी वाचवायला बनवलेला आहे, आणि रेल्वेत बसून लिहायचं असेल तर उत्तमच आहे. याउलट आय फाइव्ह १३५००एचमध्ये पूर्ण ताकदीचे कोर चार, छोटे आठ, मूळ क्षमता ४५ वॉट. स्टिकरवर पाच आहे म्हणून बाबा याला कमी समजतात आणि सात दिसला म्हणून जास्तीचे पैसे देतात. स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्याने हा पाच उचलावा आणि उरलेले पैसे खिशात ठेवावेत.

रायझनमध्ये घोळ वेगळा. रायझन ५ ७५२०यू हे नाव वाचून सात हजारच्या नव्या मालिकेतला वाटतो. आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ची. या मालिकेच्या नावातला तिसरा आकडा बघायचा असतो: दोन असेल तर झेन २, तीन असेल तर झेन ३, चार असेल तर झेन ४. म्हणून ७७३०यू जुना आणि ७८४०एचएस नवा, आणि दोन्हींवर ‘रायझन ७’ असंच ठळक छापलेलं. हा तिसरा आकडा सामान्य गिऱ्हाइकाला कोण समजावून सांगतं? ही नावं अशी ठेवणं मला सरळ सरळ गैर वाटतं. कंपनीला नियम माहीत, दुकानदाराला अर्धा माहीत, पैसे देणाऱ्याला काहीच माहीत नाही.

आणखी एक आकडा जाहिरातीत सापडत नाही: कॅशे. प्रोसेसरच्या पोटातली ही छोटी, अतिवेगवान मेमरी. हिशोबाचा जेवढा भाग तिच्यात मावतो तेवढ्यासाठी रॅमकडे धाव घ्यावी लागत नाही, आणि या गेमांत अशी धाव सतत घ्यावी लागते. डेस्कटॉपवरच्या रायझन ७ ७८००एक्सथ्रीडीमध्ये ती ९६ एमबी आहे, म्हणून स्ट्रॅटेजीवाले त्याचं नाव घेतात. लॅपटॉपमधल्या ७८४०एचएसमध्ये १६ एमबी. आय फाइव्ह १३४२०एचमध्ये १२, आय सेव्हन १४६५०एचएक्समध्ये ३०. दोन लॅपटॉप बाकी सारखेच असतील आणि भाव जवळपास असेल, तर कॅशे जास्त असलेला घ्या. मॉडेलचा नंबर शोधून बनवणाऱ्याच्या पानावर तो आकडा दोन मिनिटांत सापडतो.

ग्राफिक्स कार्डाबद्दल आता. ‘स्ट्रॅटेजी गेमला कार्ड लागत नाही’ असं म्हणणारे असतात, ते टोटल वॉर खेळलेले नसतात. तिथे नकाशावरची चाल प्रोसेसरची, पण लढाई सुरू झाली की हजारो सैनिक, घोडे, धूळ, पाऊस, सगळं एकाच वेळी पडद्यावर येतं. तेव्हा कार्ड लागतं, आणि प्रोसेसरही सुटत नाही. फक्त युरोपा किंवा सिव्हिलायझेशन खेळायचं असेल तर मध्यम कार्डावर भागतं.

पण गेमच्या यादीतलं कार्ड आणि लॅपटॉपवरच्या स्टिकरचं कार्ड ही एकच वस्तू आहे असं समजू नका. सिटीजच्या यादीत जे आरटीएक्स ३०८० आलं ते डेस्कटॉपचं. त्यात ८७०४ कोर आणि वीज ३२० वॉट. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ३०८०मध्ये चिपच वेगळी, ६१४४ कोर, आणि वीज साधारण ८० ते १५० वॉटच्या पट्ट्यात. नाव तेच! आजच्या आरटीएक्स ५०७०चंही तसंच: डेस्कटॉपवर ६१४४ कोर आणि १२ जीबी मेमरी, लॅपटॉपमध्ये ४६०८ कोर आणि ८ जीबी. यादीत ५०७० वाचून दुकानात ५०७० मागणाऱ्याची यात सरळ फसगत होते. कायद्याने याला काय म्हणतात ते वकील सांगतील. मी याला फसवणूक म्हणतो.

आणि लॅपटॉप-लॅपटॉपमध्येही फरक. आरटीएक्स ४०६० हेच कार्ड लॅपटॉप बनवणारा ३५ वॉटवर बसवू शकतो किंवा ११५ वॉटवर. नाव एक, स्टिकर एक, दम निराळा. एनव्हिडियाने २०२१मध्ये लॅपटॉप कंपन्यांना हा वॉटचा आकडा आपापल्या पानांवर द्यायला सांगितलं होतं. दुकानातल्या पाटीवर तो आजही क्वचितच दिसतो. म्हणून तुम्हीच विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर यंत्र सुरू करायला लावा, एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये कमाल ग्राफिक्स पॉवरचा आकडा लिहिलेला असतो. शंभरच्या आसपास असेल तर बोलणी पुढे न्या. पन्नास असेल तर त्या यंत्राचे पन्नासचेच पैसे द्या, किंवा निघून या.

रॅम. सोळा जीबीपेक्षा कमी घेऊ नका, आणि ती सोळा कशी बसवली आहे ते बघा. काही यंत्रांत रॅम बोर्डावर डकवलेली असते, नंतर एक जीबीही वाढवता येत नाही. काहींत दोन खाचा असतात आणि एकीतच पट्टी. दोन पट्ट्या असल्या की डेटा दोन वाटांनी येतो-जातो, एक असली की एकाच वाटेने. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग मेमरी. किती खाचा वापरात आहेत ते तिथे दिसतं. ‘नंतर टाकू’ हा आपल्याकडचा आवडता सल्ला आता महाग पडतो. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की २०२५च्या उत्तरार्धात रॅमचे भाव उसळले, आणि त्याच डिसेंबरात मायक्रॉनने सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा आपला ‘क्रूशल’ हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. तरीही मी खाचांचंच यंत्र घ्या म्हणेन. भाव आज चढलेत म्हणून बोर्डावर डकवलेली सोळा घेऊन चार वर्षं अडकून पडणं शहाणपणाचं नाही.

एसएसडी ५१२ जीबी ही किमान. एकटा ‘टोटल वॉर: वॉरहॅमर ३’ शंभर जीबीच्या वर जागा खातो.

आता उष्णता, आणि इथे थोडं थांबतो, कारण ही आपली खास अडचण आहे. लॅपटॉपचे बहुतेक व्हिडिओ वातानुकूलित खोलीत होतात. मॅकबुक १० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरा, असं अ‍ॅपल स्वतः लिहितं, आणि अनेक लॅपटॉप कंपन्यांची वरची मर्यादाही ३५चीच असते. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, अकोल्याला बाहेर पारा ४५च्या पुढे जातो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत पंख्याखाली ३८, ४० सहज. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. आणि सुट्टीत पोरं खेळतात केव्हा? नेमकं एप्रिल-मेमध्ये, भर दुपारी, बाहेर जाता येत नाही म्हणून. तेव्हाच मोहीम तीनशेव्या चालीला आलेली असते, हिशोब सर्वांत जड असतो आणि यंत्र सर्वांत तापलेलं. पुण्यातल्या जानेवारीत बघितलेला वेग मे महिन्यातल्या चंद्रपूरला लागू पडत नाही.

म्हणून जाडी बघून नाक मुरडू नका. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात राहणाऱ्याने गेमसाठी पातळ लॅपटॉप घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन पंखे, मागे आणि बाजूला हवा बाहेर पडायच्या मोठ्या जाळ्या, अडीच किलोच्या जवळपास वजन. दप्तर जड होईल, होऊ दे. गादीवर ठेवून खेळू नका, खालच्या जाळ्या बंद होतात. वर्षातून एकदा उघडून धूळ काढून घ्या. वॉरंटी चालू असेल तर आधी सेवा केंद्राला विचारा.

वीज गेली की काय होतं तेही माहीत असू द्या. बॅटरीवर कार्डाला पूर्ण वीज मिळत नाही, चालू लढाई एकदम अडखळू लागते. यंत्र बिघडलं म्हणून घाबरायचं नाही. भारनियमनाच्या भागात मोठी लढाई प्लग असतानाच सुरू करा. आणि कायम प्लग लावूनच वापरणार असाल तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय सेटिंगमध्ये असते, ती चालू करा.

पडद्याबद्दल फार बोलायचं नाही. १४४ हर्ट्झ, १६५ हर्ट्झ हे गोळीबारवाल्यांसाठी. नकाशा वाचणाऱ्याला उंची हवी. १९२०×१०८०ऐवजी १९२०×१२०० मिळाला तर घ्या, तेवढ्यात राज्याच्या हिशोबाच्या चार ओळी जास्त दिसतात. ‘नो कॉस्ट ईएमआय’ कार्डावर घेताना एवढंच बघा, की व्याज सवलतीत वळतं केलं तरी त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुतेकदा तुमच्याकडूनच घेतात.

यावर एक रास्त प्रश्न येईल. कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू होतंय, मेडिव्हल ३ केव्हा येईल ठाऊक नाही, तोवर वहीत कोडिंग करू का? नाही. कॉलेजला लागतो तो लॅपटॉप कॉलेजच्या वेळीच घ्या. पण तो न आलेल्या गेमच्या नावावर घेऊ नका. आज बाजारात असलेले जड गेम समोर ठेवा: युरोपा ५, वॉरहॅमर ३, सिटीज २. त्यांच्या शेवटच्या टप्प्यात जे यंत्र टिकतं, ते उद्याच्या गेमपुढेही निदान उभं राहील. ‘फ्यूचर प्रूफ’ असं लिहिलेल्या पाटीसाठी जास्तीचे वीस हजार देऊ नका. ते वीस हजार बाजूला ठेवा. गेम आला, यादी आली, लोकांनी खेळून सांगितलं, की त्यातून रॅम वाढवा, मोठी एसएसडी घाला, नाहीतर गेमच विकत घ्या.

आणि ज्यांचं शिक्षण घरीच राहून होणार आहे त्यांनी डेस्कटॉपचा विचार करावा. तेवढ्याच पैशात पूर्ण वॉटचं कार्ड, मोठा पंखा आणि पुढे बदलता येणारा प्रत्येक भाग मिळतो. वसतिगृहात किंवा कॉट बेसिसवर राहणाऱ्याला हे जमत नाही, त्यांच्यासाठीच वरचं सगळं लिहिलं.

गेम विकत घेतल्यावर तपासायचं कसं? स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असला तर पैसे परत मिळतात. पण स्ट्रॅटेजी गेमचे पहिले दोन तास सोपे, हे आपण वर पाहिलं. तेव्हा ते दोन तास नवी मोहीम सुरू करण्यात घालवू नका. आधीपासून खेळणाऱ्या मित्राकडून शेवटच्या टप्प्यातली सेव्ह फाइल मागून घ्या. गेमची आवृत्ती आणि जोडभाग जुळत असले तर ती तुमच्या यंत्रावर उघडते. घड्याळ लावा, दहा चाली करा, दुपारी करा, पंख्याखाली करा. वीस मिनिटांत निकाल लागतो आणि उरलेल्या वेळात पैसे परत मागता येतात.

खरं तर हे मित्राकडून मागावं लागू नये. सिव्हिलायझेशन ६मध्ये यंत्राच्या चालींना किती वेळ लागतो हे मोजायची चाचणी आतच दिलेली आहे. टोटल वॉरमध्येही लढाईचा वेग मोजायची सोय असते. दोन्ही मिळतात गेमचे पैसे भरल्यावर. क्रिएटिव्ह असेम्ब्लीच्या हातात अजून वेळ आहे. मेडिव्हल ३च्या विक्रीची तारीख जाहीर होईल त्याच दिवशी तीनशेव्या चालीची एक चाचणी फुकट उतरवून घेता आली पाहिजे, म्हणजे सीईटीचा निकाल हातात घेऊन दुकानात आलेला पोरगा ती पेनड्राइव्हवर सोबत आणेल आणि बाबांनी कार्ड स्वाइप करायच्या आधी काउंटरवरच्या यंत्रावर चालवून बघेल.